संत्रं सोलणारा हिरो

अमरावती,
२१ एप्रिल

प्रिय आचल,

पाकीट बघून घाबरू नको. कोणाला काही झालं नाही. पप्पांची शुगर होती तिथंच आहे, आणि या क्षणी ते टीव्हीपुढे तोंड उघडं टाकून झोपले आहेत, म्हणजे घरात सगळं ठीकच आहे. फोन का नाही केला म्हणशील. केला असता गं, पण जानेवारीपासून तू माझ्याशी चारच शब्द बोलतेस. हो, हम्म, जेवले आणि ठेवते. त्या चार शब्दांत मला जे सांगायचं आहे ते बसत नाही. तुझा राग बरोबर आहे, बाई. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडे विचारायची गोष्टच नसते. आणि मी, तुझ्या सख्ख्या आईनं, तुला नाही म्हटलं. पावसाळ्यात स्लॅब गळतो, बाळंतिणीला कुठं ठेवू, पुण्यातले दवाखाने चांगले, असं काहीबाही सांगितलं. तुझ्या सासूबाई तोंडानं काही बोलल्या नाहीत, पण मनात काय म्हणाल्या असतील ते मला इथपर्यंत ऐकू आलं. त्यांना माझा जय भीम सांग. माझ्या त्या ‘नाही’मागे खरं काय होतं ते आज सांगणार आहे. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून आधी सिनेमा.

दिवाळीत तू आणि योगेशनं मिळून माझ्या नव्वदच्या सिनेमांची जी टिंगल केली ना, ती मी विसरलेले नाही. गोविंदाच्या पिवळ्या पँटला जावईबापू हसले, आणि स्वतः भाऊबीजेला कोणत्या रंगाचा शर्ट घालून बसले होते ते फोटोत बघ. गोविंदा नाचायचा तेव्हा या माणसाच्या अंगात हाडं आहेत की नाहीत असं वाटायचं. आजच्या पोरांचा नाच बघताना मला पीटीचा तास आठवतो. सनी देओल ओरडला की टॉकीजच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची, आणि तरी त्याच्या डोळ्यांत एक बिचारेपणा होता, तो कोणी बघत नाही. माधुरीबद्दल मी काही ऐकून घेणार नाही. तिच्याविषयी वाकडं बोलायचं असेल तर माझ्या घरचा चहा पिऊ नये. जुही मला तिच्याहूनही जवळची वाटायची, कारण ती हसली की खरंच हसू आलेलं असायचं. अमरीश पुरी दिसले की मला आमचे हेडमास्तर आठवायचे आणि मी खुर्चीत ताठ बसायची. नानाचं बोलणं पुण्या-मुंबईच्या लोकांना तिखट लागायचं म्हणे, आम्हाला तर तो घरचा माणूस वाटायचा, आमच्याकडे सगळेच तसे बोलतात. लक्ष्याला लोकांनी जन्मभर हसवायलाच लावलं, त्या माणसाच्या चेहऱ्यात रडवायची ताकद होती असं माझं मत आहे. आणि अलका कुबलच्या सिनेमाला तर आम्ही बायका रडायलाच तिकीट काढायचो. घरी रडायला कारण लागतं, टॉकीजमध्ये लागत नाही. एक मात्र कबूल करते. हिरो पोरीच्या मागं मागं फिरतो, तिची वाट अडवतो, याला आम्ही तेव्हा प्रेम समजत होतो. आता नांदगावच्या शाळेत आठवीच्या पोरींना मी सांगते, असा कोणी हिरो मागं लागला तर सरळ मला येऊन सांगा, मी बघते त्याच्याकडे.

तू नेहमी विचारतेस, आई, तू सिनेमाचं नाव का घेत नाहीस, ‘चप्पल तुटली तो सिनेमा’ असं काय म्हणतेस. त्याचं कारण तुझे आजोबा. अकोल्याच्या घरात त्यांच्यासमोर सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. शिक म्हणायचे, बाबासाहेबांनी पडद्याकडे बघायला नाही सांगितलं, पुस्तकाकडे बघायला सांगितलं. म्हणून मी आणि दीपमालामावशीनं अशी नावं पाडली. चप्पल तुटली तो, लाईट गेली तो, शेंगदाणे सांडले तो. आजोबांसमोर बसून आम्ही बेलाशक चर्चा करायचो आणि त्यांना वाटायचं पोरी बाजारहाटाचं बोलून राहिल्या. आता ती नावंच डोक्यात बसली, खरी नावं आठवावी लागतात. तर त्यातला एक ‘छत्री राहिली तो’. चौऱ्याण्णव साल, माझं लग्न ठरायच्या आधीचं, दुपारचा तीनचा खेळ, आणि त्यात माझा हिरो. त्याचं नाव लिहीत नाही, पप्पा अजून चिडतात. त्या सिनेमात मध्यंतरानंतर माझा हिरो गोळी लागून नदीत पडतो. आणि पुढच्याच क्षणी तो एका रेल्वे स्टेशनवर उभा. अंगात जाड स्वेटर, ओठावर मिशी. बाकावर त्याची म्हातारी आई बसलेली. तो खिशातून संत्रं काढतो, सोलतो, एकेक फोड वेगळी करतो, बी काढतो आणि तिला भरवतो. एक शब्द नाही, गाणं नाही. ती खाते आणि तो बघत राहतो. मग पुन्हा नदी, पुन्हा हाणामारी, मिशी गायब. मी मनाशी म्हटलं, त्याला बुडताना आई आठवली असेल. मी इतकी रडले की छत्री खुर्चीखालीच राहिली. तीस वर्षं मी लोकांना सांगत आले, माझ्या हिरोला अभिनय येत नाही म्हणता ना, ते संत्रं सोलणं बघा.

आणि दिवाळीत तुम्ही तो सिनेमा मोबाईलवरून टीव्हीला जोडून लावला. मला काय आनंद झाला होता! मी फराळाचं ताट हातात धरून बसले होते, येते बघा आता, येते. हिरो नदीत पडला आणि काठावर निघाला. स्टेशन नाही, स्वेटर नाही, संत्रं नाही. योगेशनं मागं करून पुन्हा लावलं, तरी नाही. नेटवर शोधलंत, कुठंच नाही. तू हसून म्हणालीस, आई, तू स्वप्नात पाहिलं असशील, तुझाच एखादा सिनेमा बनवला असशील. तुम्ही हसलात, पप्पा हसले, मीपण हसले. मग चकल्या आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. चकल्यांचा डबा उघडलाच नाही, आचल. खोटं नाही सांगत.

तुला आजी आठवते ती शेवटची, खाटेवरची, तुला माझी बहीण समजणारी. पण ती एकदम तशी झाली नव्हती. सुरुवात अशीच झाली होती, न घडलेली गोष्ट छातीठोक सांगण्यानं. माझ्या लग्नात घोडी नाचली होती असं ती म्हणायची. पप्पा मेटॅडोरमधून आले होते, घोडी कुठली? पण ती घोडीच्या पायातल्या घुंगरांचा रंगसुद्धा सांगायची. आधी आम्ही भांडायचो. मग डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, आणि आम्ही सगळे हो म्हणायला लागलो. हो आई, काय नाचली घोडी! आणि लगेच विषय बदलायचा, तू जेवली का? भाऊबीज झाल्यावर मी अकोल्याला दीपमालामावशीला फोन लावला. म्हटलं, छत्री राहिली तो सिनेमा आठवते का, त्यात संत्रं सोलायचा सीन होता ना? ती म्हणाली, हो वं शालू, आठवते ना, काहून नाही आठवणार! मी विचारलं, मग सांग, त्या म्हातारीच्या लुगड्याचा रंग कोणता होता? ती म्हणाली, जाऊ दे ना वं, तू जेवली का? तो आवाज मी ओळखला. मीच तर तो आठ-दहा वर्षं वापरला होता.

त्यानंतर मी स्वतःवर पाळत ठेवायला लागले. चष्मा फ्रिजवर सापडला. वर्गात एका पोरीचं नाव जिभेवर येईना, हजेरीत बघावं लागलं. दूध गॅसवर ठेवून गच्चीवर गेले आणि कपडे वाळत घालत बसले. आधी मी हसून सोडून दिलं असतं, आता प्रत्येक गोष्ट काळजात घुसायची. पप्पांना काही सांगितलं नाही. त्यांनी सगळ्या नातेवाईकांना सांगितलं असतं आणि मग सगळे मला हो म्हणायला लागले असते. अशात जानेवारीत तुझा फोन आला. तू किती आनंदात होतीस! आजी होणार तू, म्हणालीस. मी आनंदानं ओरडलेसुद्धा, पण लगेच डोळ्यांपुढे ते दूध आलं, आणि दुधाच्या जागी काय काय असू शकतं ते आलं. आणि तोंडातून स्लॅब निघाला. आपला स्लॅब गळत नाही, आचल. कधीच गळला नाही. तू फोन ठेवलास तेव्हा मी पलंगावर बसून म्हटलं, रागावली तर रागावू दे, लेकरू तर सुखरूप राहील.

मागच्या महिन्यात मात्र सहन होईना. ठरवलं, जे असेल ते कळू दे. अमरावतीत कोणत्याही दवाखान्यात गेलं तरी माझा एखादा जुना विद्यार्थी कंपाउंडर निघतो, म्हणून अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरचा नंबर लावला आणि पप्पांना सांगितलं, दीपमालाकडे चालले. चारची वेळ होती, मी बाराच्या आधीच पोचले. मनात म्हटलं, डॉक्टरकडे जायच्या आधी एकदा आपल्या टॉकीजवर जाऊ. तिथं आता मंगल कार्यालय झालं आहे. बाहेरच्या पानठेल्यावर विचारलं, जुन्यापैकी कोणी आहे का? तो म्हणाला, पुंजाराम ऑपरेटर आहेत की, मागच्या बोळीत मिक्सर दुरुस्त करतात. गेले. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल, समोर उघडा मिक्सर. मी शाळेतली बाई, पेपर फोडायची मला सवय नाही. संत्र्याचं नावसुद्धा काढलं नाही. फक्त साल सांगितलं, हिरो सांगितला, हिरो नदीत पडतो तो सिनेमा, आणि विचारलं, भाऊ, त्यात मध्येच काही वेगळं लागलं होतं का? म्हाताऱ्याच्या हातातला स्क्रू पिळायचा पेचकस तसाच राहिला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, ताई, तीस वर्सं झाले त्याले, आता कोन तक्रार करून रायलं?

मी म्हटलं, कोणाची तक्रार नाही भाऊ, फक्त काय झालं ते सांगा. मग त्यानं सांगितलं. रिळांचे डबे बाहेरगावाहून यायचे. त्या दिवशी एका डब्यावर नंबर बरोबर, पण आतमध्ये रीळ दुसऱ्याच सिनेमाचं. त्याच हिरोच्या जुन्या सिनेमाचं. मशीनवर चढवल्यावर पडद्यावर स्टेशन दिसलं तेव्हा याच्या ध्यानात आलं. खाली खचाखच पब्लिक, थांबवलं तर खुर्च्या तुटल्या असत्या. तो म्हणाला, म्या म्हटलं हिरो थोच हाये, माय थेच हाये, लोकायले काय समजते, चालू दे. मी विचारलं, हिरो काय करत होता? तो म्हणाला, काय करन, मायले संत्रं चारत होता. सोलून, बिया काढून. मंग म्या दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ चालू केलं, हाणामारी आली, लोकायनं शिट्ट्या मारल्या, कोनीच काही नाही म्हटलं. सहाच्या खेळाले थे रीळ म्या लावलंच नाही, आन् मालकाले आजवर मालूम नाही. तुमी पयल्या हाव विचारनाऱ्या. आचल, मी त्या बोळीत, त्या मिक्सरच्या ढिगाऱ्यात, स्टुलावर बसून ढसाढसा रडले. बिचारा पुंजाराम इतका घाबरला, पाणी आणायला धावला, म्हणे ताई, तिकिटाचे पैसे पाहिजेत का तुमाले? मी रडता रडता हसायला लागले. अख्ख्या अकोल्यात त्या एका खेळाला बसलेल्या लोकांनीच ते पाहिलं होतं, आणि लक्षात राहिलं मला एकटीला. दीपमालामावशीला नंतर खडसावून विचारलं, तेव्हा कबूल झाली, मध्यंतरात शेंगदाणे घ्यायला गेली ती रांगेत अडकली होती, आत आली तेव्हा हाणामारी चालू होती.

तरी मी डॉक्टरकडे गेले. पुंजाराम काही मेंदूचा डॉक्टर नाही, एवढं मला कळतं. डॉक्टरनं मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काटे दाखवायला लावले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी तीस वर्षं पोरांना जे करायला लावते तेच. पाच शब्द सांगितले आणि दहा मिनिटांनी परत विचारले. चार आठवले. पाचवा जिन्यावर आठवला, तेव्हा मी पुन्हा वर चढून, दुसरा पेशंट आत बसलेला असताना, दार ढकलून ‘चाफा’ म्हणून सांगून आले. डॉक्टर खो खो हसले. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. काल सगळे रिपोर्ट आले, ते घ्यायला पुन्हा अकोल्याला गेले. बी-ट्वेल्व्ह फार कमी आहे, थायरॉईड थोडं हललं आहे, इंजेक्शनं सुरू केली. डॉक्टर म्हणाले, बाई, उद्याची हमी मी कोणालाच देत नाही, माझी स्वतःचीसुद्धा नाही, पण आज तुमच्यात तुमच्या आईच्या आजाराचं काहीही नाही. सुटले गं मी, आचल! मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी एकटीच खिडकीत बसून हसत होते आणि शेजारची बाई आपली पिशवी जवळ ओढून घेत होती. घरी येऊन पप्पांना सगळं सांगितलं. आधी चिडले, एकटी काहून गेली म्हणून, आणि मग आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. तुझ्या डाव्या पोटरीवर जो डाग आहे, तो जन्मखूण नाही. मी तुला आजवर खोटं सांगत आले. तू बावीस दिवसांची होतीस, अकोल्यालाच, माझ्या माहेरी. मोहल्ल्यातली अर्धी लेकरं आजीनं पायावर घेऊन न्हाऊ घातली होती, तिच्यासारखा हात कोणाचा नव्हता. तिनं तुला पायावर घेतलं, तेल चोळलं, बंबातलं पाणी काढलं, आणि त्यात विसणाचं थंड पाणी घालायचं ती विसरली. पहिलाच तांब्या. तिची स्वतःची नडगीसुद्धा भाजली, पण तिला ते तुझ्या किंकाळीनं कळलं. आणि ती एकच म्हणत राहिली, म्या विसण घातलं होतं, म्या घातलं होतं. त्या दिवशी तिला कोणी हो म्हटलं नाही. मी तर तिला नाही नाही ते बोलले. ती तेव्हा अठ्ठावन्नची होती, मी आता छप्पन्नची आहे. म्हणून मी तुला येऊ नको म्हटलं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. आता ये. सातवा लागला की पप्पा न्यायला येतील, योगेशच्या रजेचं काय ते तुम्ही दोघं ठरवा, तुझी खोली मी आजच झाडून घेतली. बाळाला न्हाऊ मीच घालणार, ते मी कोणाला देणार नाही. पण एक काम तुझं. रोज, तांब्या बाळाकडे जायच्या आधी, पाण्यात तुझा हात घालायचा. आणि मी कितीही चिडले, घातलंय म्हटलं ना मी विसण, मला वेडी समजतेस का, असं कितीही ओरडले, तरी मला हो म्हणू नको. हात घालून बघच.

तुझीच,
आई